मॅडमचे पाहुणे

छावणीतल्या वाइन शॉपच्या रांगेत निवांत उभ्या राहिलेल्या प्राध्यापक बाई मी आयुष्यात एकच पाहिल्या. वय अठ्ठावन्न, इरकली साडी, पायात पांढरे स्पोर्ट शूज, खांद्याला भाजीची कापडी पिशवी. सकाळचे साडेअकरा वाजलेले. पुढची माणसं आपोआप बाजूला सरकली. एकानं घेतलेली क्वार्टर घाईघाईनं शर्टात कोंबली. "बाई, तुम्ही घ्या आधी," असं कुणीतरी अदबीनं म्हणालं. मॅडम म्हणाल्या, "का बरं? तुम्ही माझ्या आधी आलात ना? मग उभे राहा. इतकं लाजायचं असेल तर येऊ नये."

नंबर आल्यावर त्यांनी रमची बाटली उजेडात धरली, लेबलवरचा टक्का वाचला, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाचला आणि दुकानदारानं न मागता त्याच्यासमोर स्वतःचा परवाना ठेवला. प्रकृती सांभाळण्यासाठी पिण्यास परवानगी, असं काहीसं त्यावर छापलेलं होतं. बाईंनी उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखलेला नव्हता. मी त्यांच्या मागं उभा राहून गावाकडचं कुणी भेटू नये म्हणून देवाचा धावा करत होतो.

बाटली आमच्या प्रयोगासाठी होती. मॅडम मानसशास्त्राच्या. पुरुष पितो आणि बाईच्या अंगावर जातो, तेव्हा त्यात दारूचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे त्यांना मोजायचं होतं. कुणाला विचारून हे कळत नाही, कारण स्वतःबद्दल खरं कुणी सांगत नाही. म्हणून व्हीआर, म्हणजे डोळ्यांसमोर उभं केलेलं आभासी जग. माणसाला खुर्चीत बसवायचं, ठरलेल्या मापानं पाजायचं, डोळ्यांवर हेडसेट चढवायचा. आत एक प्रसंग सुरू होतो, त्यात एक बाई असते. ती वेगवेगळ्या तऱ्हेनं नकार देत जाते. खुर्चीतल्या माणसाच्या हातात एक बटण असतं. ते दाबलं की प्रसंग थांबतो आणि तो परत चारचौघांत येतो. नाही दाबलं तर प्रसंग पुढं सरकतो. कितव्या नकाराला बटण दाबलं, एवढंच मॅडम लिहून घेत. खऱ्या बाईच्या केसालाही धक्का न लावता हे बघता येतं, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

मी एम.ए. होऊन त्यांच्याकडं मदतनीस म्हणून लागलो आणि चार वर्षं राहिलो. लोकांना वाटायचं, पोरगा संशोधनात रमला. खरं सांगायचं तर मी एका वाक्यासाठी तिथं होतो. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, आमच्याच शेतावर त्याच्या कंपनीतल्या एका बाईचा हात धरला होता. हात धरला, असं आम्ही घरात म्हणत असू. प्रकरण त्याच्या पुढं गेलं होतं. ती शेतातून अनवाणी पळत रस्त्याला लागली होती. दुसऱ्या दिवशी मी आणि आई तिच्या घरी गेलो आणि मी हात जोडून म्हणालो, "ताई, तो शुद्धीत नव्हता." तिच्या वडलांनी ते मान्य केलं. पोलिसांत कुणी गेलं नाही. तिनं नोकरी सोडली. दादानं पुढं दारूही सोडली. मला एवढंच हवं होतं, की एवढ्या यंत्रसामग्रीनं एकदा ठणकावून सांगावं, हे दारूनंच होतं. म्हणजे मी त्या घरात खोटं बोललो नव्हतो असं ठरलं असतं.

प्रयोगाला येणाऱ्यांना मॅडम 'पाहुणे' म्हणत. कागदावर काहीही शब्द असो, तोंडी पाहुणेच. पाहुणा आला की आधी त्याच्या गाडीची किल्ली काढून घ्यायची. त्यासाठी घरून आणलेला स्टीलचा मसाल्याचा डबा होता. सात वाट्यांत सात किल्ल्या. हळदीचा वास शेवटपर्यंत गेला नाही. एकदा एका पाहुण्याची बायको, तो घरी पोचल्यावर, आमच्याकडं फोन करून भांडली, की किल्लीला हळद कशी, कुणाच्या घरी जाऊन आले हे? मॅडमनी स्वतः फोन घेऊन तिला पाऊण तास सगळा प्रयोग समजावून सांगितला. शेवटी ती म्हणाली, "बाई, यांना परत एकदा बोलवा, आणि कितवा नंबर आला ते मला कळवा." तेवढं मात्र मॅडमनी कधीच कुणाला कळवलं नाही. पाहुण्याच्या आकड्यापुढं त्याचं नाव त्या स्वतःही लिहीत नसत.

ग्लास भरायचं काम सिस्टरांकडं. छावणीतल्या एका दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, शांत बाई. त्या दाराआड पाहुण्याचं वजन बघून रम मोजायच्या. निम्म्या पाहुण्यांना मात्र नुसतं कोल्ड्रिंक मिळायचं. अत्तराचा फाया फिरवावा तसा रमचा बोळा ग्लासाच्या काठावरून फिरवलेला. सांगायचं सगळ्यांना हेच, की रम आहे. कुणाला काय दिलं ते लिफाफ्यात बंद. मॅडमनाही माहीत नसायचं. शेवटी पाहुण्यासमोरच लिफाफा फोडायचा आणि खरं काय ते सांगायचं, हा त्यांचा नेम.

पडेगावकडचा एक आडदांड गडी होता. दोन ग्लासांनंतर भिंत धरून चालू लागला. जीभ जड झाली, डोळे लाल झाले, आम्हाला दोनदा जिवाचा भाऊ म्हणाला. आत हेडसेटमध्ये चौथ्या नकारापर्यंत त्यानं बटणाला बोट लावलं नाही. लिफाफा फोडला तर नुसतं कोल्ड्रिंक. तो बराच वेळ ग्लासाकडं बघत बसला. मग म्हणाला, "मॅडम, मंग मला चढली कशी?"

"तेच तर मी विचारतेय तुम्हाला," मॅडम म्हणाल्या.

त्या कुणाला रागावत नसत. हे मला आधी पटायचं नाही. पाचव्या नकारापर्यंत गेलेल्या माणसालाही त्या समोर बसवून मुगाची खिचडी वाढायच्या. पहिले चार घास होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा नियम. त्यानंतर मात्र त्या एकेक नकार त्याला पुन्हा ऐकवायच्या आणि विचारायच्या, "हे ऐकलंत तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" उत्तर येईपर्यंत गप्प बसायच्या. मी त्यांना असं वीस-वीस मिनिटं गप्प बसलेलं पाहिलं आहे. समोरचे मोठमोठे मिशीवाले गडी ताटात बोट फिरवत बसायचे आणि शेवटी काहीतरी खरं बोलायचे. एकदा एक जण रडला. मॅडमनी त्याला आणखी खिचडी वाढली.

पेपरवाल्यांना त्यांचा भयंकर वैताग यायचा. एक जण दर सहा महिन्यांनी यायचा. "मॅडम, एका वाक्यात सांगा, दारूमुळं होतं की नाही?" उत्तर ठरलेलं. "अजून मोजतेय." त्यानं चिडून विचारलं, म्हणजे दारूनं काहीच होत नाही का? तेव्हा म्हणाल्या, "होतं ना. दारूनं माणसाला समोरचं निम्मंच दिसतं. पण कुठलं निम्मं बघायचं ते दारू ठरवत नाही, असा मला संशय आहे. संशय छापू नका." त्यानं तेवढंच छापलं, आणि मॅडमनी आठ दिवस त्याचा फोन घेतला नाही.

हेडसेटमधला प्रसंग आधी बाहेरून मागवलेला होता. बार, सोफा, हातात ग्लास घेतलेली गोरी बाई. आमचे पाहुणे ते पिक्चर बघावं तसे मजेत बघायचे. मॅडमनी तो तिसऱ्याच दिवशी बंद केला आणि आम्हा सगळ्यांना बसवून विचारलं, "आपल्याकडं बाया आणि पुरुष एकत्र कुठं जमतात, जिथं पुरुष गुपचूप पितात?" लग्न, सहल, कुणी काय, कुणी काय सांगितलं. मी म्हणालो, "हुरडा पार्टी." माझा आवाज मलाच वेगळा वाटला. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "सांगा सगळं."

मी सगळं सांगितलं. ऑफिसातली माणसं शेतावर येतात, मध्ये आगटी पेटलेली, भाजलेली कणसं हातावर चोळून देणारी माणसं, लसणाची चटणी, दही. चार पुरुष विहीर बघून येतो म्हणून विहिरीवरच्या पंपाच्या मोटारखोलीमागं जाऊन ग्लास रिकामे करून येतात. मग एखादा एखादीला म्हणतो, चला, तुम्हाला विहीर दाखवतो. मोटारखोलीचं दार कुठल्या बाजूला उघडतं तेही मी सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं, आणि हे तुम्हाला इतकं कसं माहीत, असं विचारलं नाही.

चिकलठाण्याच्या एका कंपनीत गेम बनवणारा एक प्रोग्रॅमर त्यांनी गाठला होता. त्यानं पहिल्या खेपेला ज्वारीच्या जागी गहू काढला. मॅडमनी त्याला एसटीत घातलं, पडेगावच्या पुढं ओळखीच्या शेतात नेलं, पोटभर हुरडा खायला घातला आणि ज्वारीत उभं केलं. स्वतः दहा पावलं आत जाऊन ओरडल्या, "माझा चेहरा दिसतो का?" तो म्हणाला, नाही. "मग तेवढीच उंच काढा. लोकांना दिसत नाही, हेच तर आपल्याला पाहिजे."

आणि नकार. इथं मात्र मी त्यांच्यापुढं कायमचा नमलो. नकार कसे असावेत हे त्यांनी पुस्तकातून घेतलं नाही. सहा महिने त्या भेटेल त्या बाईला विचारत होत्या. सिस्टर, ऑफिसातल्या क्लार्क, बसमध्ये शेजारी बसलेली, मंडईतली मेथीवाली. "कुणी नको तसं जवळ आलं तर तुम्ही काय म्हणता?" सगळ्या उत्तरांची वही होती. 'नाही' हा शब्द कुणीच पहिला म्हणत नव्हतं. आई वाट बघतेय. भाऊ घ्यायला येतोय. मला मळमळतंय. एकीनं सांगितलं होतं, "मी हसते. जोरात हसते आणि मागं सरकते." मॅडमनी ते आम्हाला वाचून दाखवलं आणि त्या वही मिटून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या प्रसंगातला पहिला नकार म्हणजे हसणं, हे त्या दिवशी ठरलं. प्रयोगाला परवानगी देणाऱ्या समितीतले एक गृहस्थ म्हणाले, हसण्याला नकार कसं म्हणता येईल? मॅडम म्हणाल्या, "तुम्ही म्हणू नका. पाहुणे काय म्हणतात ते बघू."

पाहुण्यांच्या आधी आम्हा मदतनिसांना खुर्चीत बसावं लागे. मी बसलो. दोन ग्लास प्यायलो. कान तापले. हेडसेटमध्ये ज्वारी, आगटीचा धूर, मोटारखोली. ती वळली आणि हसली. मी बटण दाबलं. इतक्या जोरात, की ते खाचेतून निसटलं.

लिफाफ्यात निघाली रम, पुरेपूर माप. मॅडम आकडा लिहिता लिहिता थांबल्या. "पहिल्याच नकाराला? तुम्हाला पुढचं माहीत असल्यासारखं दाबलंत." मग त्या खिचडी वाढून वाट बघत बसल्या. वीस मिनिटांनी मी खिचडीचं ताट तसंच ठेवून उठलो. त्यांनी थांबवलं नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात दादाला स्थळ आलं. वैजापूरकडचे लोक, पोरगी शिकलेली. आमच्याकडं मुलाची चौकशी मुलाच्या घरी करत नाहीत, आजूबाजूला करतात. शेजारी, दुकानदार, भाऊ कामाला असतो ते ऑफिस. आदल्या दिवशी आई म्हणाली, "त्ये लोक तुझ्याकडं येतील. पिण्याचं विचारलं तर सांग, आधी घेत होता, आता सुटली. खोटं थोडंच हाय?" खोटं नव्हतंच. म्हणून तर मला रात्रभर डोळा लागला नाही.

दुपारी मुलीचे वडील आणि मामा आले. मॅडम टेबलापाशी हेडसेटच्या काचा कापसानं पुसत बसल्या होत्या. मामांनी आधी त्यांनाच विचारलं, "घराणं कसं हाय म्हणायचं यांचं?"

"घराण्याचं मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "हे वेळेवर येतात."

वडील माझ्याकडं वळले. साधा, उन्हातान्हात राबलेला माणूस. "पोरीचा बाप म्हणून येकच विचारतो. पिण्याचं काय?"

"पीत होता," मी म्हणालो. "दोन वर्षं झाली, हात लावत नाही."

त्यांचा चेहरा सैल पडला. "मंग झालं तर. दारू सुटली, म्हंजी समदं सुटलं." मामांनी तर कार्यालय कुठलं घ्यावं हा विषयही काढला. इथं मी थांबलो असतो तर सगळं सुरळीत झालं असतं. मॅडम मान खाली घालून काच पुसत होत्या. ती काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"काका," मी म्हणालो, "अजून एक गोष्ट हाय." आणि मी त्या हुरड्याच्या दिवसाचं सांगितलं. तिच्या घरी जाऊन हात जोडून काय बोललो तेही सांगितलं.

मग वडलांनी विचारलं, "तवा ते पेलेले व्हते?"

"व्हय."

"मंग त्येच की." त्यांच्या आवाजात अजीजी होती. आमच्याइतकंच त्यांनाही ते वाक्य हवं होतं. "आता पीत न्हाईत म्हंता ना?"

मग मी जे बोललो ते आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. "काका, पहिला ग्लास भरायच्या आधी त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, तू बांधावर उभा राहा, अर्धा तास मोटारखोलीकडं कुणाला येऊ देऊ नको. तेव्हा तो पूर्ण शुद्धीत होता. मीही शुद्धीत होतो. मला वाटलं, दोघांचं जमलेलं असंल. तिच्या हसण्याचा आवाज आला, म्हणून मी निवांत झालो. मी पाठ करून उभा राहिलो आणि एका माणसाला परतवूनसुद्धा लावलं."

वडील उठले. जाताना त्यांनी मला नमस्कार केला. मला त्याची लाज वाटली. स्थळ मोडलं. दादा अजून माझ्याशी बोलत नाही. आई बोलते, पण जेवायला वाढताना माझ्याकडं बघत नाही.

ते गेल्यावर मॅडमनी पाच वाजेपर्यंत काम केलं, माझ्याकडूनही करून घेतलं. निघताना पिशवी खांद्याला लावत एवढंच म्हणाल्या, "हे त्या गृहस्थांना सांगितलंत. तिला सांगितलंय?"

रविवारी मी तिच्याकडं गेलो. ती अजून चिकलठाण्यातच राहते, दुसऱ्या ऑफिसात आहे. दारातच उभं राहून मी सांगितलं, की तो शुद्धीत होता, मी तुमच्याशी खोटं बोललो, मला त्यानं आधीच उभं केलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "बांधावर तुम्ही दिसत होता ना. तुम्ही वळून बघाल म्हणून मी मोठ्यानं हसत होते."

तिनं दार सावकाश लावून घेतलं. मी जिन्यात किती वेळ बसलो ते मला आठवत नाही.

सोमवारी मॅडमना हे जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, त्या काहीतरी धीराचं बोलतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोळे भरलेले होते. चार वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी वही ओढली.

"आपल्या शेतात हा माणूसच नाही," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"बांधावरचा. आपण नुसते दोघंच दाखवत आलो. म्हणजे आत्तापर्यंतचं सगळं अर्धवट आहे. पुन्हा करायला हवं."

दोन वर्षांचं काम होतं ते. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. एवढ्या कामावर त्यांनी एका वाक्यात काट मारली आणि प्रोग्रॅमरला फोन लावला. माझ्यासारख्या माणसाच्या कबुलीवर कुणी आपलं केलेलं सगळं काम उलटं करू शकतं, हे मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही.

प्रोग्रॅमर कॅमेरे घेऊन आला. पाठमोरा माणूस काढायला कुणीतरी उभं राहायला हवं होतं. मी उभा राहिलो. तो म्हणाला, "दोन मिनिटं हलू नका, मग झालं."

"दोन मिनिटं नाही," मॅडम म्हणाल्या. "अर्धा तास उभे राहा. घड्याळ मी लावते."

आणि त्या स्वतः माझ्या मागं, मोटारखोलीची जागा म्हणून फरशीवर आखलेल्या चौकोनाशी, जिथं ती बाई असते तिथं जाऊन उभ्या राहिल्या. अर्धा तास त्या एक शब्द बोलल्या नाहीत, जागच्या हलल्याही नाहीत. मागं वळून बघावंसं इतकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.